‘४६ दिवसांत औषध’ म्हणून चालू गोळ्या बंद करायच्या?

“एआयने ४६ दिवसांत फुप्फुसाच्या असाध्य आजारावर औषध शोधलं! या शोधाला नोबेलही मिळालं! कंपन्या मुद्दाम बारा-बारा वर्षं लावून औषधं दाबून ठेवत होत्या. आता माणसांवरच्या चाचण्या म्हणजे नुसता कागदी सोपस्कार, अमेरिकेने तर प्राण्यांवरच्या चाचण्याही बंद केल्या. जुन्या गोळ्या विष आहेत, आजच बंद करा. नोंदणीसाठी खालील नंबरवर फोन करा.”

हा मेसेज नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मीही दुर्लक्षच केलं असतं, पण तो मिरजेच्या माझ्या मामांपर्यंत पोचला. मामांना आयपीएफ आहे. या आजारात फुप्फुसं आतून हळूहळू घट्ट होत जातात आणि श्वास आखूड होत जातो. मामी घाबऱ्याघाबऱ्या फोनवर म्हणाली, “अगं, यांनी गोळ्या बंद केल्यात. नवं औषध येईपर्यंत घेणार नाही म्हणतात.” म्हणून मेसेजच्या शेवटच्या भागापासूनच सुरुवात करते, कारण जिवावर बेतणारा भाग तोच आहे.

मामा घेतात ती गोळी निंटेडॅनिब. ती आजार बरा करत नाही, आणि तसा दावा कुणी केलेलाही नाही. ती फुप्फुसांची घसरण मंद करते. पूर्ण श्वास भरून नळीत जोरात फुंकायची जी तपासणी असते, तिच्यात बाहेर पडणारी हवा मोजतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, औषध न मिळालेल्या रुग्णांची ही क्षमता वर्षाला सुमारे २४० मिली घटली आणि निंटेडॅनिब घेणाऱ्यांची सुमारे ११५ मिली. हा फरक म्हणजे जिना चढता येण्याचे, स्वतःच्या हाताने आंघोळ करता येण्याचे वाढीव महिने. याला विष म्हणायला जीभ कशी रेटते?

ही गोळी त्रास देते, हे मात्र खरं. त्याच चाचणीत ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांना जुलाब झाले. मामांच्या ताटात बरेच दिवस मऊ भात आणि ताकच असतं. लग्नकार्याला जायचं टाळतात, एसटीत बसायची भीती वाटते. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच दुखणं हेरलंय. गोळी बंद केली की जुलाब थांबतात, भूक लागते, चेहऱ्यावर तरतरी येते. माणसाला वाटतं, बघा, विष थांबलं आणि बरं वाटायला लागलं! आतमध्ये फुप्फुस आखडतच असतं. ते दुखत नाही, त्यामुळे कळत नाही, आणि जे गेलं ते परत येत नाही. जुलाबांवर उपाय आहेत. जुलाब थांबवणारं औषध देता येतं, १५० मिलिग्रॅमची गोळी १०० वर आणता येते, काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करता येते. पण हे सगळं छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

आता ते ४६ दिवस. दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र कालवल्या आहेत. इन्सिलिको मेडिसिन या कंपनीने २०१९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डीडीआर१ नावाच्या प्रथिनाला अडवणाऱ्या रेणूंची रचना त्यांच्या एआयने २१ दिवसांत केली. ते रेणू प्रत्यक्ष बनवून पेशींवर आणि उंदरांवर पहिली पारख होईपर्यंत ४६ दिवस लागले. म्हणजे ४६ दिवसांत उंदरापर्यंत पोचलेला एक रेणू मिळाला, औषध नव्हे. त्यातला मुख्य रेणू पोनाटिनिब या जुन्याच औषधाशी फार मिळताजुळता आहे, अशी टीकाही पुढे तज्ज्ञांनी केली.

फुप्फुसाचं औषध हे वेगळं प्रकरण आहे. कंपनी तीच, पण रेणू दुसरा, रेंटोसर्टिब, आणि त्याचं लक्ष्यही दुसरं, टीएनआयके नावाचं प्रथिन. हे काम मला मनापासून मोलाचं वाटतं. लक्ष्य एआयने सुचवलं, रेणूही एआयच्या मदतीने घडवला, आणि लक्ष्यापासून माणसांवरच्या चाचणीसाठी निवडलेल्या रेणूपर्यंत यायला सुमारे दीड वर्ष लागलं. एरवी या टप्प्याला कितीतरी जास्त वेळ जातो. पण त्यानंतर माणसांवरच्या चाचण्या नेहमीच्याच वेगाने झाल्या, आणि तसंच व्हायला हवं.

त्या चाचणीचा निकाल जून २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी तो उघडून पाहिलाय का? चीनमधले ७१ रुग्ण, चार गट, १२ आठवडे. दिवसातून एकदा ६० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाची फुंकण्याची क्षमता सरासरी ९८.४ मिलीने वाढली, तर नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांची २०.३ मिलीने घटली. वाचून आशा वाटते, मलाही वाटली. पण त्या गटात होते फक्त १८ जण, आणि काळ जेमतेम तीन महिने. चाचणीचा मुख्य उद्देशही गोळी सुरक्षित आहे का, हे पाहणं हाच होता. आणि ज्यांना ती मध्येच सोडावी लागली, त्यांच्यातली मुख्य कारणं काय? यकृताला इजा आणि जुलाब. जुन्या गोळीच्या जुलाबांना विष म्हणून नाचवणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं. शिवाय या चाचणीतले काही रुग्ण निंटेडॅनिब किंवा पिरफेनिडोन (याच आजारावरची दुसरी जुनी गोळी) घेत असतानाच नवं औषध घेत होते. ज्या औषधाच्या नावाने जुन्या गोळ्या फेकायला सांगताय, त्याच्याच चाचणीत रुग्णांनी त्या घेतल्या होत्या! हे लिहितेय तोवर रेंटोसर्टिब मंजूर झालेलं नाही, कुठल्याही दुकानात ते मिळत नाही.

नोबेलचं दोन वाक्यांत उरकते. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, ते प्रथिनांची नवी रचना करणं आणि त्यांच्या घडणीचा अंदाज बांधणं यासाठी. कुठल्याही गोळीसाठी नव्हे.

‘चाचण्या म्हणजे कागदी सोपस्कार’ हे वाक्य वाचून मात्र माझं डोकं फिरलं. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन१४१२ नावाचं औषध सहा धडधाकट तरुणांना दिलं गेलं. माकडांनी जी मात्रा सहज पचवली होती, तिच्या पाचशेव्या हिश्श्याइतकीच ती होती. थोड्याच तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात, एकेक अवयव निकामी होत चाललेला. सगळे वाचले, पण एकाची पायाची बोटं गेली. माकडांच्या आणि माणसांच्या प्रतिकारपेशींमधला फरक आधी लक्षात आला नव्हता. तेव्हापासून नवं औषध पहिल्यांदा माणसाला देताना सगळ्यांना एका दमात देत नाहीत. एकाला देतात, थांबतात, पाहतात, मग पुढच्याला. ज्याला मेसेजवाला वेळकाढूपणा म्हणतो, तो हा असा आहे.

एआयचा रेणू म्हणून शरीर काही सवलत देत नाही. एआयने रचलेलं, माणसांवरच्या चाचणीत गेलेलं पहिलं औषध म्हणून २०२० मध्ये डीएसपी-११८१ चा गाजावाजा झाला. चाचणीच्या पहिल्या टप्प्यानंतर ते सोडून दिलं. बेनेव्होलंटएआय या कंपनीचं इसबावरचं औषध २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात निष्प्रभ ठरलं. त्याच कंपनीने २०२० च्या सुरुवातीला बॅरिसिटिनिब हे संधिवातावरचं जुनं औषध कोविडवर चालेल असं सुचवलं होतं, ते पुढे खरं ठरलं. पण कशावरून ठरलं? रुग्णांवरच्या चाचण्यांवरून.

प्राण्यांवरच्या चाचण्यांबद्दल अर्धं खरं आहे. डिसेंबर २०२२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांची सक्ती काढली, बंदी घातली नाही. भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून पर्यायी पद्धतींना जागा दिली. चिपवर वाढवलेल्या माणसाच्या यकृतपेशी वगैरे पद्धती खरोखर चांगल्या आहेत.

आणि कंपन्या? त्या धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हे मान्य करावंच लागेल. क्षयाच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायचा जॉन्सन अँड जॉन्सनचा प्रयत्न भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला, तो मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून उठलेल्या दोघींनी हरकत घेतली म्हणून. पण ती लढाई औषध स्वस्तात मिळावं यासाठी होती. ते औषध चाचण्यांतून सिद्ध झालेलं होतं, म्हणून तर त्यासाठी भांडण्यात अर्थ होता.

राहिला तो नंबर. त्यावर फोन केला, तर आधी ‘नोंदणी फी’ मागतात. मंजुरी नसलेलं नवं औषध भारतात विकता येत नाही. खरी चाचणी सुरू असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ही नोंदवही कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. चाचणीत भाग घेणाऱ्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यामुळे कुणी एआयच्या औषधासाठी पैसे मागितले तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. तो दिला नाही, तर त्यांचा फोन नंबर थेट सायबर पोलिसांच्या १९३० वर कळवा.