सॉल्टसाहेबांना दीक्षा कोणी दिली?

पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तिघांनी टाकला. हेन्री सॉल्ट नावाचा इंग्रज भारतात जन्मला, इथल्या संस्कारांमुळे शाकाहारी झाला, गांधीजींनी त्याला दीक्षा दिली आणि प्राण्यांच्या हक्कांबद्दल युरोपात सगळ्यांत आधी तोच बोलला. शेवटी टोला: मांस खाणारे ते असंस्कृत. यातलं जन्मस्थान तेवढं खरं.

सॉल्ट १८५१ साली नैनितालला जन्मला, वडील लष्करात. पण आई वर्षभराच्या आत-बाहेर त्याला इंग्लंडला घेऊन गेली. उष्टावणाच्या वयात कसले संस्कार घेणार हो तो? मांस सोडलं ते ईटनच्या शाळेत मास्तर असताना. झगा-टोपी घातलेले आपले सहकारी त्याला नरभक्षक वाटू लागले, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

दीक्षेची गोष्ट तर साफ उलटी. शाकाहारावरचं सॉल्टचं पुस्तक १८८६चं. गांधी लंडनला पोचले १८८८मध्ये. तेव्हा ते मांस टाळत होते ते आईला दिलेल्या वचनापोटी. मनातून त्यांना वाटे, हिंदुस्थानी माणसाने मांस खायला हवं! फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खाणावळीत त्यांनी ते पुस्तक एक शिलिंग देऊन घेतलं, सगळं वाचलं, आणि तिथून आपण स्वतःच्या मर्जीने शाकाहारी झालो, असं आत्मकथेत नोंदवलं. २० नोव्हेंबर १९३१ला लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे बोलताना, ऐंशी वर्षांचा सॉल्ट शेजारी बसलेला असताना, त्यांनी हे ऋण भर सभेत सांगितलं.

'सगळ्यांत आधी' हेही चूक. गुराढोरांचे हाल करण्याविरुद्धचा इंग्रजी कायदा १८२२चा, तिथली शाकाहारी संस्था १८४७ची. सॉल्टने स्वतःच प्राण्यांच्या हक्कांवरच्या १८९२च्या पुस्तकात आपल्या आधीच्यांची यादी जोडली होती.

राहिला टोला. सॉल्टच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'रानटी लोकांत सत्तर वर्षं' अशा अर्थाचं. ते रानटी म्हणजे इंग्रज, त्याची आपली माणसं. शेजाऱ्याच्या ताटात डोकावून तो फुशारला नाही. शिवाय १८९१मध्ये काढलेल्या त्याच्या मानवतावादी संघाने शिकारीबरोबर फटक्यांची शिक्षा आणि फाशीलाही विरोध केला. आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणाऱ्या एका काकांनी आदल्याच दिवशी लिहिलं होतं, 'चोरांना चौकात बांधून फोडून काढलं पाहिजे.' त्यांच्या रिकाम्या फ्लॅटवरची पाटीही मी पाहिलीय: 'फक्त शाकाहारी कुटुंबास.'