पेशींची घाई

‘जनुक गेलं की मेंदूच्या पेशी मरतात, म्हणून मेंदू लहान राहतो’ हे तुमच्या मायक्रोसेफलीवरच्या (डोकं आणि मेंदू नेहमीपेक्षा लहान असणं) लेखातलं वाक्य खटकलं. २०१३ साली व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांच्या गटाने मायक्रोसेफली असलेल्या रुग्णाच्या पेशींपासून मेंदूचं ऊतक वाढवलं. त्यात ‘सीडीके५आरएपी२’ हे एकच जनुक निकामी होतं. मूळ पेशींनी आधी विभागून आपली संख्या वाढवायची असते. इथे त्या मूळ पेशी वेळेआधीच चेतापेशी बनायला लागल्या. बियाणंच संपलं, मग पीक कुठून येणार?

माझ्या मुलीलाही मायक्रोसेफली आहे. ऐरोलीत दर लसीच्या वेळी डॉक्टर तिच्या डोक्याभोवती टेप फिरवायचे आणि आकडा लिहून गप्प बसायचे. घरात मात्र वर्षभर एकच ऐकलं, ‘ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस ना!’ पुढे जनुक तपासणीत कळलं, जनुकाची सदोष प्रत आम्हा दोघांकडून एकेक आली होती. तो रिपोर्ट सासूबाईंना मराठीत समजावून सांगितला, तेव्हा त्या काही न बोलता बराच वेळ नातीचे पाय चेपत बसल्या. तेवढं ‘पेशी मरतात’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा, आमच्यासारखे आईबाप हे लेख दोनदोनदा वाचतात.