सिंहगड पावसाळ्यापुरताच? – एका प्रतिक्रियेला उत्तर

"जुलै-ऑगस्ट सोडले तर सिंहगडावर नुसती धूळ आणि ऊन. बारमाही व्यायामाची जागा म्हणून लोकांना भुलवू नका," असं तुम्ही लिहिलंत. एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो.

तुम्ही एप्रिलात सकाळी दहाला पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायला लागलात. नडलं ते इथेच. ही वाट जेमतेम तीन किलोमीटरात सहाशेएक मीटर चढते आणि वरच्या टप्प्यात सावली नावालाच आहे. पहाटे सव्वापाचला टॉर्च घेऊन निघालात, तर ऊन तापायच्या आत गडाचा पुणे दरवाजा गाठता येतो. मे महिन्यात माणशी दोन लिटर पाणी घ्या, थंडीत एक पुरतं. वाटेत ताक-सरबत मिळतं, पण आडवारी त्याच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही घसरलात ते उतरताना, आणि उन्हाळ्यात बहुतेक जण उतरतानाच घसरतात. कडक जमिनीवर सुटा मुरूम पसरलेला असतो, तो पायाखाली गोट्यांसारखा फिरतो. भीतीने माणूस मागे रेलतो, सगळा भार टाचेवर येतो आणि टाच सुटते. गुडघे किंचित वाकवा, पावलं आखूड टाका, अख्खा तळवा टेकवा. उतरायला लागण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळा. नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

उलट तुमचा लाडका पावसाळाच माझ्या मते सगळ्यात त्रासाचा. पावलांनी गुळगुळीत झालेल्या कातळावर शेवाळ धरतं. रनिंग शूजच्या बारीक खाचा चिखलाने भरल्या की तळ सपाट होतो आणि पकड जाते. खोल आणि एकमेकींपासून लांब असलेल्या खाचांचे बूट हवेत. ओल्या मुळांवर पाय देऊ नका. गडावर जाणाऱ्या घाटरस्त्यात दरड आली की गाड्या बंद. रविवारी पुण्याच्या वाटेवर खडकवासला धरणाच्या चौपाटीवर जी कोंडी होते, तिच्यात पीएमपीची बससुद्धा अडकते. गड उतरायला लागला नसेल एवढा वेळ तिथे जातो.

थंडीत एकच पथ्य: चढताना घामाने भिजलेला टी-शर्ट वर पोचताच बदला. तानाजी कड्याकडचा वारा ओल्या अंगाला सोसत नाही.

धुळीचं मात्र मान्य, फेब्रुवारीपासून ती असतेच. पुढच्या घोळक्यापासून अंतर ठेवून चाला. गर्दी नको असेल तर नोव्हेंबरातला एखादा बुधवार धरा. पिठलं-भाकरी त्या दिवशीही मिळते, आणि मडक्यातल्या दह्यासाठी रांग नसते.