प्रश्न ओढणाऱ्याला नको, विकणाऱ्याला विचारा

तंबाखूविरोधी प्रचार म्हटलं की काळंठिक्कर फुप्फुस आणि खाली ‘आजच सोडा’. अशा चित्रांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण सगळा रोख त्या व्यसनी माणसावरच ठेवला की ज्याने त्याला व्यसन लावलं तो अलगद सुटतो. याचा मला मनापासून राग येतो.

अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांना हे बऱ्याच आधी उमगलं. २००० साली ‘ट्रुथ’ या तंबाखूविरोधी मोहिमेतल्या तरुणांनी न्यूयॉर्कमध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या मुख्यालयाबाहेर प्रेतं ठेवायच्या १,२०० पिशव्या रचल्या. तंबाखूमुळे अमेरिकेत रोज मरणाऱ्या माणसांचा तो अंदाजे आकडा. ‘सिगारेट ओढू नका’ असं त्यात कुणीही म्हटलं नाही! जाब कंपनीला विचारला होता. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना उपदेश नकोच असतो. आपल्याला कुणीतरी फसवतंय हे कळलं की ती पेटून उठतात. याच कंपनीने तेव्हा मुलांसाठी ‘थिंक. डोन्ट स्मोक’ नावाची स्वतःची मोहीमही चालवली होती. २००२ च्या एका अभ्यासात दिसलं की ‘ट्रुथ’ पाहिलेल्या मुलांचं मत तंबाखूच्या विरोधात गेलं, तर कंपनीच्या जाहिराती पाहिलेल्यांमध्ये सिगारेटबद्दलचा कल उलट थोडा वाढलेला होता. म्हणजे ‘तू ओढू नकोस’ हा उपदेश कंपनीला मुळीच जड जात नाही.

तिला जड जातात तिचेच कागद. १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिलं होतं, की लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं. आणि त्यांच्यातल्याच एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात काय लिहिलं होतं? शंका हेच आपलं उत्पादन. १९९४ मध्ये तंबाखूविरोधी संशोधक प्राध्यापक स्टँटन ग्लान्त्झ यांच्याकडे कुणीतरी निनावीपणे अशाच हजारो पानांचं खोकं पाठवलं. कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी ती पानं लोकांपुढे आणली, आणि अमेरिकी राज्यांनी भरलेल्या खटल्यांतल्या १९९८ च्या तडजोडीनंतर लाखो पानं उघडी करणं कंपन्यांना भागच पडलं. माझ्या मते जनसंपर्काचं याहून प्रभावी काम दुसरं नाही. त्यात कार्यकर्त्यांना स्वतःचं घोषवाक्यसुद्धा लागलं नाही.

म्हणून ही चळवळ चालवणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना कळकळीची विनंती: पुढचं पोस्टर करताना त्यावर खोकणारा माणूस नको. कंपनीचं नाव घाला, तिच्याच कागदातलं एक वाक्य तारखेसह घाला, आणि खाली तिच्यासाठी एक प्रश्न लिहा.