मामाचा 'अंकल' करणाऱ्या सॉफ्टवेअरला साष्टांग नमस्कार

कुलाचाराच्या यादीसाठी वंशावळीच्या सॉफ्टवेअरात पणजोबांची पिलावळ तेवढी निवडायची होती. तेवढीच! 'वंशज निवडा' दाबलं, तर जावई, व्याही, जावयाचे मेहुणे, अख्खी वरात हजर. एकेकावरची खूण काढत बसलो. एकशे बाराव्या नावाला बोट घसरलं, रिकाम्या जागेवर क्लिक झालं आणि सगळी निवड गायब. पुन्हा श्रीगणेशा!

गट करायला जावं तर चुलत, मामे, मावस, आते, सगळे एकजात 'कझिन'. काका अंकल, मामाही अंकल. अहो, मुलीला बोहल्यावर मामा आणतो. अंकल आणणार का?

आमच्या आत्यानं सख्ख्या भावाचीच मुलगी सून करून आणली. सॉफ्टवेअर विचारतं, 'ही व्यक्ती आधीच आहे. डुप्लिकेट?' डुप्लिकेट नाही रे बाबा, सून आहे ती! आजी तर माहेरची द्वारका, सासरची लक्ष्मी. म्हणजे झाडात दोन आज्या: एक जन्माची अविवाहित, दुसरी बिनआईबापाची.

बरं, एवढं करून फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमात न्यावी, तर नावं पोचतात, गट वाटेतच सांडतात. जेडकॉम, म्हणजे वंशावळ एका प्रोग्रॅमातून दुसऱ्यात न्यायचा फाइलचा साचा, म्हणे १९८४ पासून आहे. चाळीस वर्षं काय गोट्या खेळत होतात?

त्र्यंबकेश्वरला उपाध्यांनी गाव-आडनाव विचारलं, कापडात गुंडाळलेली वही सोडली, थुंकी लावून चार पानं उलटली आणि थेट खापरपणजोबा काढून दिले. ना माउस, ना लॉगिन.

आणि इकडे आत्ता काय उगवलंय स्क्रीनवर? 'तुम्ही स्वतःचे अंकल आहात का?'