‘दिवसभराचे पैसे, पाण्यात अडीच तास’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी त्या दिवशी पाण्यात असलेल्या दोन्ही प्रशिक्षकांना सोबत घेऊन पुन्हा वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सर्फिंग शिकवण्याचे दिवसभराचे पैसे घेऊन जेमतेम अडीच तास पाण्यात उतरवलं, तेही किनाऱ्यालगतच्या फेसात, लहान मुलांचे वाटावेत असे जाड, मऊ बोर्ड दिले, आणि शांत पाण्याच्या पट्ट्याकडे निघालेल्या तुमच्या मुलावर प्रशिक्षक सगळ्यांसमोर ओरडले. सुट्टीतला अख्खा दिवस वाया गेला असं वाटलं की राग येणारच. मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून उद्या आणखी कुणीतरी त्याच पट्ट्याकडे वळू शकतं.

तो शांत पट्टा म्हणजे रिप करंट होता. लाटा किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात, आणि ते पाणी कुठून तरी परत जावंच लागतं. गच्चीवरचं पावसाचं पाणी जसं पन्हाळीकडे धावतं, तसं ते तळातली खोलगट वाट धरून समुद्रात परत जातं. तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, फेस दिसत नाही, आणि नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते. जोर धरला की हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने आत ओढतो. हा वेग ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यालाही फार वेळ टिकवता येत नाही.

‘मग दोन सर्फर तिथूनच आत जात होते, त्यांना कुणी अडवलं नाही,’ असं तुम्ही लिहिलं आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जाणते सर्फर हात न दमवता लाटांच्या मागे पोहोचण्यासाठी हा प्रवाह मुद्दाम वापरतात. पण परत येताना ते त्याच वाटेने येत नाहीत. बाजूला सरकून लाटेवर बसून येतात. तुमच्या मुलाला तोवर बोर्डवर पालथं पडून सरळ वल्हवायलाही जमत नव्हतं. प्रवाहात सापडलेलं माणूस घाबरून किनाऱ्याच्या दिशेने झगडत राहतं आणि दमून बुडतं. खरं तर अशा वेळी बोर्ड सोडायचा नाही, अंगातली ताकद राखायची, किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि हात वर करून मदत मागायची. सकाळी वाळूवर हे सगळं सांगितलं होतं. तुम्ही लिहिलेलं ते ‘कंटाळवाणं लेक्चर’ हेच. फुटणाऱ्या लाटांच्या आवाजात हळू बोललेलं दहा फुटांवरही ऐकू येत नाही, त्यामुळे प्रशिक्षक ओरडले ते योग्यच होतं. मी त्यांना तसं सांगितलंही आहे.

आता वेळेबद्दल. आमच्या किनाऱ्यासमोर प्रवाळाची रीफ, म्हणजे पाण्याखालची कठीण, खडबडीत रांग आहे. पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरतं, आणि त्या दिवशी नऊ वाजता ते झपाट्याने उतरत होतं. आणखी तासाभराने लाटेवरून पडणारा माणूस पाण्यात नाही, प्रवाळावर आपटला असता. प्रवाळाने कापलेली जखम उष्ण, दमट हवेत लवकर चिघळते, आणि प्रवाळ मोडतो तो वेगळाच. शिवाय ऊन चढलं की मतलई वारा थांबून खारा वारा सुटतो आणि लाटांचा आकार विस्कटतो. म्हणूनच आमचा दिवस दोन भागांत असतो: पहाटेचा, आणि पाणी पुन्हा चढल्यावर चार वाजल्यापासूनचा. बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या वेळापत्रकात दोन्ही भाग लिहिलेले होते. तुम्ही दुपारी आला नाहीत. तुमचे बोर्ड काढून ठेवलेले होते.

‘आकाश निरभ्र, वारा नाही, मग समुद्राला काय झालं होतं?’ हा तुमचा प्रश्न चांगला आहे. त्या दिवशीच्या लाटा इथल्या वाऱ्याच्या नव्हत्याच. दोन लाटांमध्ये चौदा सेकंदांचं अंतर होतं, म्हणजे त्या दूरच्या वादळातून आलेल्या. अशा लाटांची रांग ताशी सुमारे चाळीस किलोमीटरने सरकते. दोन हजार किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा दोनेक दिवसांनी लख्ख उन्हात येऊन पोहोचतात. त्या गटागटाने येतात आणि मधे बराच वेळ समुद्र झोपल्यासारखा दिसतो. तुम्ही ‘आता तरी आत न्या’ म्हणालात ते अशाच एका मधल्या वेळेत.

बोर्डांबद्दल फार लिहीत नाही. लांब, जाड, मऊ बोर्ड तरंगतो, डगमगत नाही, आणि डोक्यावर आला तरी खोक पाडत नाही. फेसाळ लाटेवर उभं राहणं पक्कं झालं की मगच न फुटलेल्या लाटेकडे न्यायचं, हा क्रम मी कुणासाठीही बदलणार नाही. तुमची पत्नी त्याच बोर्डवर, त्याच फेसात उभी राहून वाळूपर्यंत आली. ती किती खूश होती हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही, याचं मला वाईट वाटलं.

सकाळच्या भागाचे पैसे परत देणार नाही. ते शिकवणं पूर्ण झालं होतं. न वापरलेला दुपारचा भाग मात्र तुमचाच आहे. तुम्ही रविवारपर्यंत बेटावर आहात. पौर्णिमा मागे पडली आहे, त्यामुळे ओहोटीला पाणी आता तितकं उतरत नाही, आणि लाटाही कमी झाल्या आहेत. शुक्रवारी किंवा शनिवारी चारला या, वेगळे पैसे लागणार नाहीत. मुलाला घेऊन या. आधी दहा मिनिटं उंचवट्यावर उभं राहून तो पट्टा त्याला मी स्वतः दाखवेन, मग पाण्यात उतरू.