साडेबारा फेऱ्या

रविवारी सकाळी कट्ट्यावर पोचलो तेव्हा सुलभा आणि मध्याची आधीच जुंपली होती. विषय अर्थातच सॉल्ट लेक सिटीतली 2020 ची स्पीड स्केटिंगची, म्हणजे बर्फावरच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा.

"दोन बायका गोल गोल फिरतात, साडेबारा वेळा," मध्या म्हणत होता. "ना टक्कर, ना आउट, ना सिक्सर. बरं, पुढे आलेली जिंकली असंही नाही. म्हणे दुसऱ्याच जोडीतली जिंकली. हा काय खेळ आहे?"

"पाच दिवस कसोटी बघतोस आणि अनिर्णित राहिली तरी काय मॅच झाली म्हणतोस," सुलभा म्हणाली. "इथे पावणेसात मिनिटं धीर निघत नाही तुला?"

मध्याने चहा फुंकायला घेतला. चहा केव्हाचाच गार झाला होता.

अव्याने मोबाइल मधोमध ठेवला. मी ती शर्यत तोवर दोनदा पाहिली होती, तरी पुन्हा वाकलो. पाच हजार मीटर, चेक प्रजासत्ताकाची मार्टिना साब्लिकोव्हा, 6 मिनिटं 41.18 सेकंद. स्वतःचाच जागतिक विक्रम तिने मोडला. 2007 पासून जागतिक स्पर्धेतली पाच हजार मीटर तिच्याशिवाय कुणाला जिंकता आली नव्हती, आणि बत्तिसाव्या वर्षी ती आयुष्यातली सगळ्यात वेगवान शर्यत धावली. तो विक्रम तिला धड मिरवूही मिळाला नाही. मागून नताल्या व्होरोनिना आली, 6:39.02! सहा मिनिटं चाळीसच्या आत येणारी पहिली बाई. आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत करून दुसरं येणं, हे बघताना माझ्या पोटात कालवलं.

"रशियन ना ती? डोपिंगवाले. मग सोडा," मध्याने हात झटकला.

"का सोडा?" सुलभा म्हणाली. "प्याँगचांगच्या ऑलिंपिकला छाननी होऊन, स्वतःच्या देशाचा झेंडा न घेता उतरली होती ती. तिसरी आली तेव्हा तू काही बोलला नाहीस. जिंकल्यावर बरं आठवलं?"

मजा बघा, 2018 ला ऑलिंपिकमध्ये एस्मे व्हिसर पहिली, साब्लिकोव्हा दुसरी, व्होरोनिना तिसरी. आता त्याच तिघी, पण टोकं उलटी. साब्लिकोव्हा दोन्ही वेळा मधे.

"हवेचा खेळ आहे हो सगळा," काका म्हणाले. काका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. "तो ओव्हल, म्हणजे बर्फाचा लंबगोल ट्रॅक, सव्वाचौदाशे मीटर उंचीवर आहे. आपल्या महाबळेश्वराहून जरा वरच. हवा विरळ, अडवणूक कमी. ताशी पंचेचाळीस किलोमीटरला हवाच खरी शत्रू. म्हणून तर त्या एवढ्या वाकतात."

"हवा दोघींनाही तीच होती, काका."

"ते खरं," काका लगेच म्हणाले. काकांचं हे मला आवडतं.

"आणि दोन सेकंद म्हणजे किती अंतर, माहितीये?" सुलभाने मध्याकडे वळून विचारलं. "सत्तावीस मीटर. तो पलीकडचा झेरॉक्सवाला दिसतो ना, जवळपास तिथपर्यंत."

सगळ्यांनी झेरॉक्सच्या दुकानाकडे पाहिलं. मग अव्या सहज बोलून गेला, "पण अजून साडेबारा फेऱ्या असत्या तर? म्हातारीने खाल्लं असतं तिला."

"बत्तीस म्हणजे म्हातारी?" सुलभा कडाडली. अव्याने कान पकडले. पण मुद्दा तिला सापडला होता. "तेच तर मी मघापासून सांगतेय. याच स्पर्धेत पुरुषांची दहा हजार झाली. त्या कॅनडाच्या फिशने 12:33.86 चा विक्रम केला. बायकांची स्पर्धा मात्र पाच हजारावर संपते. पुरुषांना ऑलिंपिकमध्ये दहा हजार 1924 पासून आहे. बायकांना पाच हजार मिळायला 1988 चं कॅलगरी उजाडलं. दहा हजार अजून नाहीच."

"झेपत नसेल," मध्या म्हणाला.

कट्टा गप्प झाला. रस्त्यावरून पीएमटी गेली, तिचा आवाज तेवढा ऐकू आला.

"1928 ला अॅमस्टरडॅम ऑलिंपिकला बायका आठशे मीटर धावल्या," सुलभा अगदी हळू आवाजात म्हणाली. "तेव्हाही लोक हेच म्हणाले. मग पुढची आठशे मीटर थेट 1960 ला. मॅरेथॉन 1984 ला. आणि ही साब्लिकोव्हा, एकोणिसाव्या वर्षी कॅलगरीत दहा हजार मीटर 13:48.33 मध्ये स्केट करून बसलीय. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर शिकलेली पोर, देशात एक बंदिस्त ओव्हल नाही. कुणाला झेपत नाही, मध्या?"

काकांनी टीव्हीवाल्यांची बाजू मांडली. पंचवीस फेऱ्या बघायला लोक थांबत नाहीत, पुरुषांचीच शर्यत त्यांना नकोशी झालीय, वगैरे.

"मग पुरुषांचीही काढा. द्यायची तर दोघांना द्या," सुलभा म्हणाली. मला यापुढे बोलण्यासारखं काही दिसलं नाही, आणि आजही दिसत नाही.

सुलभाचा हा राग जुना आहे. शाळेत असताना ती चार चाकांच्या स्केट्सवर मुलांना मागे टाकायची. आंतरशालेय स्पर्धेत मुलांना तीन हजार मीटर आणि मुलींना एक हजार. तिने विचारलं तर सर म्हणाले, मुलींना चक्कर येते. मुलांच्या शर्यतीनंतर तिने एकटीने तीन हजार पूर्ण केलं. घड्याळ लावायला कुणी थांबलं नव्हतं.

"मी थांबलो होतो," मध्या म्हणाला.

"तू वडापावसाठी थांबला होतास!"

"पण मोजत होतो ना फेऱ्या."

"तुला मोजता कुठे येतं? पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या, तू दर वेळी दोनशे सांगतोस."

"तीनदा बसतो ना मधे, त्यामुळे वाढतात," अव्या म्हणाला.

मध्या तडक उठला. "त्यात काय एवढं? मी दाखवतो," म्हणत गुडघे वाकवले, कंबरेत वाकला, एक हात पाठीवर घेतला आणि फुटपाथवर डावा, उजवा असे पाय फेकू लागला. फुलवाल्या मावशींनी टोपली मागे ओढली.

"लेन बदल, लेन बदल! बाहेरून येणाऱ्याला आधी जाऊ दे!" सुलभा ओरडली. बाहेरून खरोखरच एक रिक्षा येत होती. मध्या थांबला, पण सरळ काही होईना. कंबर धरून तसाच वाकलेला उभा राहिला.

काकांनी घड्याळ बघितलं. "त्यांची सरासरी फेरी 31.9 सेकंद. तुमचा अकरा सेकंदात निकाल लागला."

चहावालाही हसत बाहेर आला. सुलभाने मध्याला खांद्याला धरून कट्ट्यावर बसवलं आणि त्याच्याच खिशातून चहाचे पैसे काढून दिले.